घोटभर पाणी आणि आपली रंगभूमी
(नाटककार प्रेमानंद गज्वी यांच्या नाटकांची ओळख)

मार्च महिना सरत आला की आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीची गडबड सुरू होते. वर्गणीची पावतीपुस्तके निघतात, निळ्या पताकांचे गठ्ठे येतात, मंडप कोणाचा, मिरवणूक कुठून कुठे यावर रात्री उशिरापर्यंत बैठका होतात. तुर्भ्याच्या एका वस्तीत अशाच एका संध्याकाळी मी गेलो होतो. विहाराच्या मागच्या खोलीत दोन मुले नाटकाची तालीम करीत होती. एक आयटीआयला शिकणारा, दुसरा मसाला मार्केटात वडिलांबरोबर माथाडीचे काम करणारा. पुढे एक स्टीलचा तांब्या ठेवलेला. एकांकिका होती प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी'.

खोलीच्या दारात चारपाच वडीलधारी मंडळी उभी होती. त्यांतले एक काका जरा नाराज दिसले. ते म्हणाले, "अहो, जयंतीला आनंदाचं काहीतरी करा. आता कोण कोणाला पाणी नाकारतंय? नळ घरात आला, फ्रिज आला. पोरांच्या डोक्यात हे जुनं दुःख कशाला भरायचं?"

प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. आपल्यापैकी अनेक आईबापांच्या मनात तो असतो. आपण जे सोसले ते मुलांना कळू नये, त्यांची मान ताठ राहावी, असे कोणाला वाटत नाही? मुले गप्प झाली. उत्तर कोणालाच सुचेना. त्या संध्याकाळी उत्तर मिळाले, पण वेगळ्याच ठिकाणाहून मिळाले. ते शेवटी सांगेन. त्याआधी ज्या नाटककाराने हा प्रश्न आपल्या दारात आणून ठेवला, त्यांची आणि त्यांच्या नाटकांची ओळख करून घेऊ.

झाडीपट्टीचा माणूस

प्रेमानंद गज्वी यांचा जन्म १९४७ सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातील पिंपळगावचा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा पूर्व विदर्भाचा जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. नवी मुंबईत त्या भागातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना विचारा, दिवाळी झाली, धानाची कापणी झाली की तिकडे काय चालते? रात्र रात्र नाटके चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिथल्या नाटक कंपन्यांचे ठिकाण. गावात मंडई भरते, शेतात मंडप पडतो, आजूबाजूच्या गावांतून पाहुणे येतात आणि लोक पहाटेपर्यंत नाटक पाहतात. त्याच्याही आधीपासून तिथे दंडार आहे, खडीगंमत आहे. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईच्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल.

अशा मुलखातला हा माणूस पुढे मुंबईत आला आणि नाटके लिहू लागला. पण त्याने लिहिलेली नाटके राजाराणीची नव्हती, दिवाणखान्यातली नव्हती. जे प्रश्न आपल्या आजीआजोबांच्या अंगावर उमटलेले होते, ते त्याने रंगमंचावर उभे केले. २०१९ च्या फेब्रुवारीत नागपूरला अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरले. ते नव्व्याण्णवावे संमेलन होते आणि त्याचे अध्यक्ष प्रेमानंद गज्वी होते. ज्या गावात १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्याच गावात आपल्यातला एक लेखक मराठी नाट्यसृष्टीच्या अध्यक्षस्थानी बसला. ही गोष्ट आपण मुलांना सांगितली का?

दोन नट आणि एक तहान

'घोटभर पाणी' ही एकांकिका १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. तो काळ आठवा. दलित पँथर स्थापन होऊन काही वर्षे झाली होती, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची मागणी पेटत होती, कथा-कवितेत आपली पिढी मोठ्या आवाजात बोलू लागली होती. नाटकाचा मंडप मात्र अजून दूर होता. नाटकाला पैसा लागतो, थिएटर लागते, कपडेपट लागतो, बायकांची कामे करायला मुली लागतात. हे सगळे आपल्या मुलांनी कुठून आणायचे?

गज्वींनी यावर साधा उपाय केला. एकांकिकेला त्यांनी दोनच नट ठेवले. तेच दोघे वेगवेगळी माणसे होतात आणि विषय एकच, तहान. माणसाला तहान लागली, समोर पाणी आहे आणि तरी ते त्याला प्यायला मिळत नाही. याहून सोपे आणि याहून भयंकर नाटक दुसरे कोणते असणार? कॉलेजच्या मुलांनी, कामगारांनी, वस्त्यांतल्या मंडळांनी ही एकांकिका उचलून धरली. तिचे तीन हजारांवर प्रयोग झाले आणि चौदा भाषांत ती गेली, असे सांगितले जाते. ती जिथे झाली ती ठिकाणे मोठ्या नाट्यगृहांची नव्हती. शाळेचे पटांगण, विहाराचा ओटा, स्पर्धेचा लाकडी मंच, जिथे जागा मिळाली तिथे ती झाली.

पाणी हाच विषय लेखकाने का घेतला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली आणि २० तारखेला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सभेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला. तळे बाटले म्हणून शेण-गोमूत्राने ते 'शुद्ध' करण्यात आले. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला आणि तळे सर्वांचे ठरले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, त्याच तळ्यावर माणसाचा हक्क सिद्ध करायला दहा वर्षे कोर्टात जावे लागले. महाड आपल्यापासून लांब नाही. पनवेलवरून गोवा महामार्गाने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत तिथे पोहोचतो. पुढे बाबासाहेबांनी संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घालूनच भेदभावाला बंदी केली. कायद्याच्या मोठ्या पुस्तकात विहिरीचे नाव यावे लागते, यावरून त्या विहिरीवर काय घडले असेल ते समजावे.

"आता कोण पाणी नाकारतंय?" असे त्या काकांनी विचारले. नवी मुंबईच्या नळावर कोणी नाकारत नसेल. पण २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात, देश स्वातंत्र्याची ७५ वर्षे साजरी करीत असताना, राजस्थानातील जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा दलित शाळकरी मुलगा शिक्षकाच्या मारहाणीनंतर मरण पावला. त्याने शिक्षकासाठी ठेवलेल्या माठाला हात लावला म्हणून त्याला मारले, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे होते. माठाचे कारण नव्हते असे इतर काही जणांनी सांगितले. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या मरणाशी माठाचे नाव जोडले जाते आणि ऐकणाऱ्या कोणालाही ते अशक्य वाटत नाही, यातच सगळे आले. एकांकिका जुनी झाली असे म्हणण्याची सोय या देशाने अजून ठेवलेली नाही.

वेठ आणि देवाची नवरी

'तनमाजोरी' हे गज्वींचे नाटक वेठबिगारीवर आहे. उचल घ्यायची, ती फिटत नाही म्हणून राबायचे, बाप मेला की मुलाने राबायचे. कागदावर वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली. आपल्या समाजाला तर वेठ म्हणजे काय हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. महारवतनाच्या नावाखाली गावाची पडेल ती कामे करावी लागत. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले होते. आजही वीटभट्टीवर, ऊसतोडीला, खाणीवर जाणारी कुटुंबे आगाऊ उचल घेऊनच जातात. आपल्या वस्तीत जो मुकादम येतो, तो पैसे आधी का देतो, हे 'तनमाजोरी' वाचताना कळते.

'देवनवरी' हे नाटक देवाच्या नावाने सोडलेल्या मुलीचे आहे. मुरळी, जोगतीण, देवदासी अशी वेगवेगळी नावे असली तरी मुलगी कोणाच्या घरची असते, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहे. ती गरीब आणि खालच्या ठरविलेल्या जातीचीच असते. १९३६ च्या जून महिन्यात परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील अशा स्त्रियांसमोर भाषण केले होते. ते जीवन सोडा, अडचणी आल्या तरी स्वाभिमानाने जगा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला आणि महाराष्ट्रात नवा कायदा २००५ साली करावा लागला. मधली सत्तर वर्षे काय चालू होते? नाटककार हाच प्रश्न विचारतो. कायद्याने दार बंद होते, पण घराघरातील भीती, नवस आणि अंगात येणे कोणी बंद करायचे? यासाठी धम्म हवा, शिक्षण हवे आणि मुलीच्या आईला धीर द्यायला शेजारीण हवी.

ब्राह्मणातला अस्पृश्य

गज्वींचे सर्वांत गाजलेले मोठे नाटक म्हणजे 'किरवंत'. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. श्रीराम लागू यांच्यासारख्या थोर नटाने ते रंगमंचावर आणले. नाटकात एकही दलित कुटुंब नाही. नाटक घडते ते ब्राह्मणाच्या घरात.

किरवंत म्हणजे मेलेल्या माणसाचे अंत्यसंस्कार करणारा ब्राह्मण. तो जानवे घालतो, वेदमंत्र म्हणतो, पण इतर ब्राह्मण त्याला आपल्या पंक्तीला घेत नाहीत, त्याच्या घरी सोयरीक करीत नाहीत. मर्तिकाच्या दिवशी त्याच्याशिवाय चालत नाही आणि शुभकार्याच्या दिवशी त्याची सावली नको असते. कामाची गरज आहे पण काम करणारा नको, हा अनुभव कोणाचा? मेलेले ढोर ओढायला ज्यांना बोलावत आणि ओढून झाल्यावर ज्यांना गावाबाहेर हाकलीत, त्यांचा!

दलित लेखकाने ब्राह्मणाच्या घरचे दुःख का लिहावे, असे त्या वेळी दोन्ही बाजूंनी विचारले गेले असेल, यात नवल नाही. पण बाबासाहेबांचे विचार ज्यांनी वाचले त्यांना उत्तर शोधावे लागत नाही. जातिव्यवस्था ही नुसती वर आणि खाली अशी दोन पायऱ्यांची नाही, ती पायरीखाली पायरी अशी चढत्या आदराची आणि उतरत्या तिरस्काराची आहे, हे बाबासाहेबांनी सांगितले. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी आहे, आणि प्रत्येकाला पायाखाली कोणीतरी दिलेले आहे. म्हणूनच ती मोडत नाही. गज्वींनी ही पायरी वरच्या टोकाला जाऊन दाखविली. जो ब्राह्मण म्हणून जन्मला, तोसुद्धा या शिडीवरून सुटला नाही.

पण बंधुभगिनींनो, 'किरवंत' पाहून दुसऱ्याच्या घरातील भेदावर टाळ्या वाजविणे सोपे आहे. आपल्या घराकडेही जरा पाहू. मुलीला स्थळ आले की आपण काय विचारतो? मुलगा काय शिकला, कुठे नोकरी करतो, हे विचारतोच. आणि मग आवाज थोडा खाली करून विचारतो, "तुमच्यात कोण?" सोमवंशी, लाडवण, बावणे ही नावे १९५६ सालीच नागपूरच्या मैदानात सोडून यायची होती. बावीस प्रतिज्ञा घेताना आपण समतेची शपथ घेतली. मातंग, चर्मकार, वाल्मीकी बांधवांच्या घरी आपण किती वेळा जेवायला बसलो? आपल्याच विहारात त्यांच्यापैकी कोणी आला तर आपण त्याला पुढे बसवितो की मागे? 'किरवंत' हे नाटक ब्राह्मणांचे आहे असे समजून जो घरी गेला, त्याने ते अर्धेच पाहिले.

विदूषकाची हिंमत

'गांधी-आंबेडकर' हे नाटक १९९७ सालचे. गोलमेज परिषद, जातीय निवाडा, येरवड्याचे उपोषण, पुणे करार हा इतिहास आपल्या घराघरात सांगितला जातो. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात दोघांची पहिली भेट झाली आणि मला मायभूमी नाही हे बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर ऐकविले. १९३२ च्या ऑगस्टमध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, २० सप्टेंबरला गांधीजींनी प्राणांतिक उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळातील राखीव जागा ७१ ऐवजी १४८ झाल्या, पण आपला प्रतिनिधी फक्त आपण निवडण्याचा हक्क राहिला नाही. त्या चार दिवसांत बाबासाहेबांच्या मनावर केवढा भार असेल! एकीकडे कोट्यवधी अस्पृश्यांचा हक्क, दुसरीकडे एका माणसाचे प्राण. आणि ते प्राण गेले असते तर खेड्यापाड्यांत एकट्या पडलेल्या आपल्या वस्त्यांवर काय ओढवले असते, ही भीती.

हे नाटकात आणणे म्हणजे निखारा हातात घेणे. एका बाजूला झुकले की नाटकाचे भाषण होते. गज्वींनी त्यात एक विदूषक आणला. विदूषकाला कोणाची भीती नसते. तो गांधीजींना विचारतो आणि बाबासाहेबांनाही विचारतो. आपल्यापैकी काहींना हे आवडत नाही. बाबासाहेबांना प्रश्न विचारणारा विदूषक कोण, असे वाटते. पण तथागतांनी कालामांना काय सांगितले होते? कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. बाबासाहेबांनीही विभूतिपूजेचा धोका संविधान सभेतील शेवटच्या भाषणात सांगितला होता. विदूषकाच्या प्रश्नांनी बाबासाहेब लहान होत नाहीत. उलट त्या काळात त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते आणि त्यांनी कोणता का निवडला, हे तरुण मुलांना कळते. पुतळ्याला हार घालून हे कळत नाही.

'घोटभर पाणी', 'किरवंत' आणि 'गांधी-आंबेडकर' या तिन्हींचे इंग्रजी भाषांतर शांता गोखले आणि म. द. हातकणंगलेकर यांनी केले आणि २०१३ साली ते एका पुस्तकात निघाले. म्हणजे आता केरळातला किंवा परदेशातला वाचकही ही नाटके वाचू शकतो. गज्वी पुढेही थांबले नाहीत. 'छावणी'सारखी नाटके त्यांनी लिहिली. 'बोधी' या नावाने त्यांनी नवे लेखक घडविण्याचे काम केले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद मराठीत जुना आहे. गज्वींनी तिसरी वाट सांगितली, ज्ञानासाठी कला. बोधी नाट्य परिषदेच्या कार्यशाळांत नवा लेखक आपले नाटक वाचून दाखवतो, बाकीचे त्यावर बोलतात आणि लेखक ते पुन्हा लिहितो. आपली चूक चारचौघांत ऐकून घेऊन पुन्हा लिहायला बसणे, हेही एक शीलच आहे.

साता समुद्रापलीकडचा भाऊ

आपलीच वेदना जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणी लिहिली असेल का? लिहिली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात नूंगार नावाचे मूळनिवासी लोक आहेत. त्यांच्यातील जॅक डेव्हिस हे नाटककार १९१७ साली जन्मले आणि २००० साली गेले. त्यांचे 'नो शुगर' हे नाटक १९८५ साली पर्थ शहरात झाले. १९३० च्या मंदीच्या काळात एका मूळनिवासी कुटुंबाला नॉर्दम गावाबाहेरच्या वस्तीतून उचलून सरकार मूर रिव्हर नावाच्या छावणीत नेऊन टाकते, त्याची ती गोष्ट आहे. त्या लोकांचा सरकारी 'संरक्षक' कोणी कुठे राहायचे, कोणी कोणाशी लग्न करायचे हे ठरवी. त्या कुटुंबाला मिळणाऱ्या शिध्यातून साबणसुद्धा कमी केला जातो आणि मग हे लोक घाणेरडे आहेत असे गोरे लोक म्हणतात! आधी पाणी बंद करायचे आणि मग अस्वच्छ म्हणायचे, ही रीत आपल्याला अनोळखी वाटते का?

डेव्हिस स्वतः मुलगा असताना त्या छावणीत राहिले होते. त्यांनी नाटकात आपल्या लोकांची नूंगार भाषा गोऱ्या प्रेक्षकांसमोर जशीच्या तशी बोलायला लावली. कळली नाही तर शिका, असाच जणू त्यांचा बाणा होता. आपल्या लेखकांनीही हेच केले. वस्तीची भाषा, गावकुसाबाहेरची भाषा रंगमंचावर आणली आणि तिची लाज वाटून घेतली नाही.

आपली जुनी वाट

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी केलेल्या 'सीतास्वयंवर'पासून सुरुवात करतात. वाशीचे नाट्यगृह त्यांच्याच नावाचे आहे. पण १८५५ साली महात्मा जोतिराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले होते. अडाणी शेतकरी जोडप्याला भट कसा लुबाडतो आणि शिक्षणाने त्यांचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. त्यातही विदूषक आहे आणि तोही बेधडक बोलतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. लोकांसमोर छापील स्वरूपात यायला त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. पुढे सत्यशोधक जलसे झाले, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे झाले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' खुद्द बाबासाहेबांसमोर झाले. नांदेडच्या दत्ता भगतांनी 'वाटा-पळवाटा' लिहून आपल्याच चळवळीतल्या तीन पिढ्यांना समोरासमोर बसविले. २०१२ साली जालना जिल्ह्यातील जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिले आणि खेड्यातील पोरांनी ते महाराष्ट्रभर गाजविले. गज्वींची नाटके या रांगेतली आहेत. ही रांग आपली आहे आणि ती मोठी आहे.

मंडळांनी काय करावे?

एका रात्रीच्या डीजेला किती पैसे जातात, हे प्रत्येक मंडळाला माहीत आहे. एका एकांकिकेला त्यातला लहानसा हिस्सा पुरतो. मात्र काही गोष्टी पाळाव्यात. नाटक करण्यापूर्वी लेखकाची किंवा त्याच्या प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी आणि ठरेल ते मानधन द्यावे. आपल्याच लेखकाचे घामाचे पैसे बुडवून समतेचे नाटक करू नये. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्याचा क्रमांक विचारून घ्यावा. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी घ्यावी आणि प्रयोग दहाच्या आत संपवावा. कारखान्यात काम करणाऱ्या बांधवांनी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रात चौकशी करावी, तिथे कामगारांच्या नाट्यस्पर्धा होत असतात. आणि मुलींना कामे द्यावीत. मुलगी रंगमंचावर उभी राहून मोठ्या आवाजात बोलली की पुढे मुलाखतीत आणि कचेरीत तिचा आवाज अडत नाही. ऐरोलीला बाबासाहेबांचे स्मारक आहे, तिथे ग्रंथालय आहे. मुलांना घेऊन एकदा तिथे जावे.

आजींची ओंजळ

आता त्या संध्याकाळकडे परत येतो. काकांच्या प्रश्नाने खोलीत शांतता झाली होती. कोपऱ्यात एक आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या आयटीआयच्या मुलाच्या आजी. नातवाला न्यायला आलेल्या. त्या उठल्या आणि नातवाजवळ गेल्या.

"तुझी ओंजळ चुकली," त्या म्हणाल्या.

मुलगा दोन्ही हात पुढे करून, नळाखाली धरतो तशी ओंजळ धरून उभा होता. आजींनी त्याला खाली उकिडवे बसविले. त्याची मान वाकविली. दोन्ही तळहात जोडून ओठांशी लावले आणि कोपरे वर उचलली. मग तांब्या घेऊन त्या सरळ उभ्या राहिल्या आणि हातभर उंचीवरून त्याच्या ओंजळीत रिकामाच तांब्या ओतू लागल्या.

"असं. वरून सोडायचे. तांब्याला हात लागला नाही पाहिजे. शिंतोडा उडाला नाही पाहिजे. नाका-डोळ्यात पाणी जायचं, कोपरावरून पदरावर गळायचं. पोटात जायचं ते घोटभरच. आणि पाजणारीच्या तोंडाकडं बघायचं नाही."

नातू तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आजी, तू हे कधी सांगितलं नाहीस?"

"तुला लाज वाटंल म्हणून," आजी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण लाज आपली नव्हती ना बाबा."

दारातले काका काही बोलले नाहीत. ते आत आले, चटईवर बसले आणि म्हणाले, "चला, पुन्हा पहिल्यापासून करा."

तालीम रात्री साडेनऊपर्यंत चालली. जयंतीला त्या वस्तीत मिरवणूक निघेल, पताका लागतील, खीरदान होईल. आणि त्यानंतर विहारासमोरच्या मोकळ्या जागेत दोन मुले उभी राहतील. त्यांच्याजवळ एक तांब्या असेल आणि पहिल्या रांगेत आजी बसलेल्या असतील. आपल्या वस्तीतही अशी एखादी आजी असेल. यंदा तिला तालमीला बोलवा. तिच्याजवळ जे आहे ते ती गेल्यावर कोणत्याही पुस्तकात शोधून सापडणार नाही.

जयभीम.